रोमश मुळांतील कॅम्प्टोथेसिन : एका प्रयोगाचे परीक्षण

सह्याद्रीतील नरक्यावर कुऱ्हाड पडते ती त्यातील कॅम्प्टोथेसिन या अल्कलॉइडासाठी. वॉल व वानी यांनी हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून विलग केले. ते नरक्यातही असल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी १९७२ मध्ये दाखविले. त्यापासून सिद्ध केलेल्या टोपोटेकान व इरिनोटेकान या कर्करोगावरील औषधांना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. वृक्ष न तोडता हे द्रव्य मिळू शकेल काय, या दृष्टीने जपानमधील चिबा विद्यापीठाचे काझुकी साइटो व त्यांचे सहकारी यांचा २००१ मधील निबंध परीक्षणास योग्य आहे.

त्यांनी ओफिओऱ्हायझा प्युमिला या लहानशा वनस्पतीस अॅग्रोबॅक्टेरियम ऱ्हायझोजीन्स या जिवाणूचा संसर्ग घडविला. हा जिवाणू आपल्या प्लाझ्मिडातील डीएनएचा एक खंड वनस्पतीच्या जनुकसंचात बसवितो. परिणामी फुटणारी रोमश मुळे बाहेरून संप्रेरक न देताही वाढतात. याच वनस्पतीच्या अविभेदित ऊतिपुंजात कॅम्प्टोथेसिन आढळले नव्हते. मुळांत मात्र ते शुष्क भाराच्या सुमारे ०.१ टक्का मिळाले. द्रव्यनिर्मिती अवयवघडणीशी निगडित असते, ही गोष्ट यावरून स्पष्ट होते. मुळे हे द्रव्य पोषकद्रवातही सोडतात, आणि द्रवात शोषक राळ ठेवल्यास ते अधिक मिळते, हे निरीक्षण आमच्या मते निबंधाचा सर्वांत मोलाचा भाग होय. कारण त्यामुळे मुळे न उपटता द्रव्य काढून घेण्याची वाट दिसते.

तथापि निबंधाच्या शीर्षकात हे उत्पादन ‘व्यवहार्य’ म्हटले आहे, ते मान्य करणे कठीण आहे. टक्केवारी म्हणजे उत्पन्न नव्हे. एका लिटरमागे दहा ग्रॅम शुष्क मुळे मिळाली असे गृहीत धरले, तर मुळांतील द्रव्य दहा मिलिग्रॅमच भरते. एका ग्रॅमसाठी शंभर लिटर द्रव निर्जंतुक राखावा लागेल. शिवाय मुळांचे जाळे दाट होऊ लागले की त्याच्या गाभ्यापर्यंत प्राणवायू नीट पोहोचत नाही. याच गटाने पुढे २००२ मध्ये तीन लिटरच्या पात्रात संवर्धन केले, हे स्तुत्य होय; परंतु तीन लिटरवरून कारखान्याचे अनुमान काढता येत नाही.

आपल्याकडील विद्यार्थ्यांनी यावरून एवढे घ्यावे, की टक्केवारीबरोबरच दर लिटरमागे दर दिवशी किती द्रव्य मिळाले, हा आकडाही प्रबंधात असलाच पाहिजे. तो नसताना प्रस्तावनेत वृक्षरक्षणाची ग्वाही देणे योग्य नव्हे. त्या ग्वाहीने नरक्या वाचत नाही.