ग्रंथालयाच्या संवादखिडकीतील ‘मी’

वाचक आणि ग्रंथपाल यांचा प्रत्यक्ष संबंध हा ग्रंथालयसेवेचा गाभा होय, हा विचार अमेरिकेतील वूस्टर येथील सार्वजनिक ग्रंथालयाचे ग्रंथपाल सॅम्युएल ग्रीन यांनी १८७६ साली एका निबंधात मांडला. पुढे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनीही संदर्भसेवेचा विचार करताना प्रत्येक वाचकाला व्यक्तिशः मिळणाऱ्या साहाय्यावरच भर दिला. दोघांच्याही डोळ्यांपुढचा ग्रंथपाल हा चेहरा असलेला माणूस होता. आज पुष्कळ ग्रंथालयांच्या संकेतस्थळांवर त्याच्या जागी एक लहानशी खिडकी उघडते. ‘ग्रंथपालास विचारा’ अशी तिच्यावर पाटी असते. आणि त्या एकवचनी ग्रंथपालामागे पाळीपाळीने बसणारी चार-सहा माणसे असतात. एका खात्यावरून अनेकांनी बोलण्याच्या या प्रथेची चर्चा मुख्यतः सोयीच्या अंगाने केली जाते. तिचा खरा प्रश्न मात्र भाषेचा आहे.

प्रथेचा उगम समजून घेतला पाहिजे. अमेरिका ऑनलाइन या कंपनीचे ‘इन्स्टंट मेसेंजर’ १९९७ साली आले, ते खाजगी माणसांच्या गप्पांसाठी. एक नाव म्हणजे एक माणूस, हे त्यात गृहीत होते. ग्रंथालयांनी हेच साधन उचलले, एक नाव घेतले आणि त्याचा परवलीचा शब्द कर्मचाऱ्यांत वाटून टाकला. परंतु दुसऱ्या मेजावरून त्याच नावाने कोणी आत शिरला, तर वाचकाचा संदेश नेमका कोणापुढे उतरेल याची शाश्वती नसे. ही अडचण ओळखून नॉर्थ कॅरोलायनातील विद्यापीठ-ग्रंथालयांच्या सहकार्यातून २००८ च्या सुमारास ‘लायब्ररी-हेल्प’ ही प्रणाली पुढे आली. तिच्यात वाचकाला पत्ता एकच दिसतो; आत मात्र प्रत्येक कर्मचाऱ्याचे खाते वेगळे असते. प्रश्न सर्वांपुढे एकाच वेळी येतो, जो प्रथम उचलील त्याचा होतो आणि इतरांना तो उचलला गेल्याचे कळते. कोणी उत्तर द्यायचे, हा प्रश्न अशा रीतीने सुटला. उत्तर देणारा कोण, हा तसाच राहिला.

इंग्रजीत तो फारसा टोचत नाही, कारण त्या भाषेतील प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंग नाही. मराठीत ‘मी’ म्हटले की वर्तमानकाळी क्रियापद लिंग सांगून मोकळे होते. सकाळच्या पाळीतील बाई ‘शोधते’ लिहितात, दुपारचे गृहस्थ ‘शोधतो’ लिहितात, आणि एकाच नावाखाली एकाच संवादात ही दोन रूपे पाहून वाचक चकित होतो. ‘शोधीन’ किंवा ‘शोधले’ या रूपांत ही पंचाईत नाही. परंतु चालू संवाद सतत भविष्यकाळात किंवा भूतकाळात लिहिता येत नाही. मग पळवाट म्हणून ‘शोधून कळविण्यात येईल’ हा प्रयोग हाताशी येतो. लिंगाची अडचण त्याने जाते खरी, परंतु तिच्याबरोबर कर्ताही जातो. फायलीतील ही भाषा वाचकाच्या तोंडावर दार हळूच लोटून घेते. ज्या खिडकीचा हेतूच जवळीक हा आहे, तिच्यात ती शोभत नाही.

‘आम्ही शोधतो’ हा मार्ग अधिक सरळ वाटतो. वृत्तपत्राच्या अग्रलेखातील ‘आम्ही’ मराठी वाचकाच्या परिचयाचा आहेच. पण तेथे हे सर्वनाम एका मताचे निदर्शक असते. ते मत कोणाच्या लेखणीतून उतरले याने फारसा फरक पडत नाही. ग्रंथालयाचा ‘आम्ही’ मत देत नाही, काम पत्करतो. पत्करलेले काम पुढच्या पाळीला ठाऊकच नसेल, तर त्या अनेकवचनाला अर्थ काय?

एक उदाहरण कल्पावे. केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाविषयी एक विद्यार्थी विचारतो: पहिल्या खंडात ‘अ’पासूनच्या नोंदी दिसत नाहीत, ग्रंथालयाची प्रत अपुरी आहे काय? कोशाचे पहिले पाच खंड प्रस्तावनाखंड आहेत आणि अकारविल्हे नोंदी त्यांच्यानंतर सुरू होतात, हे सकाळच्या बाईंना ठाऊक आहे. त्या आणखी दोन प्रश्न विचारून विद्यार्थ्याला कोणती नोंद हवी आहे ते काढून घेतात, खंड पाहून येते म्हणतात, आणि तेवढ्यात पाळी बदलते. दुपारचे गृहस्थ शेवटची ओळ वाचून पहिल्या खंडाचा दाखलांक तत्परतेने कळवितात. उत्तर बिनचूक आहे आणि निरुपयोगी आहे. संवादातून हळूहळू उलगडत गेलेला मूळ प्रश्न पाळीबरोबर घरी गेला. ‘वाचकाने पहिला खंड पाहिला आहे, अडचण प्रतीची नसून रचनेची आहे’ एवढे टिपण मागे राहिले असते, तरी पुरे होते. दोघांची नावे वाचकाला कळविण्याचीही मग आवश्यकता नव्हती. ‘सकाळच्या सहकाऱ्यांनी शोध सुरू केला होता, तो पुढे नेतो’ असे म्हणणारा गृहस्थ निनावी राहूनही जबाबदार असतो, आणि त्याचे क्रियापद कोणालाही खटकत नाही.

नावाच्या पाटीचा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. रात्री एकटीने खिडकी सांभाळणाऱ्या कर्मचारी स्त्रीने अनोळखी माणसाला आपले नाव का सांगावे? निनावीपणा हा तिचा आडोसा आहे, आणि ग्रीनच्या चेहऱ्याच्या ग्रंथपालाची आठवण करून देऊन तो काढून घेता येणार नाही. परवलीचा शब्द सामायिक ठेवण्याचे समर्थन मात्र याने होत नाही; आत प्रत्येकाचे खाते वेगळे असले, तरी बाहेर नाव एकच राहू शकते.

टिपणाच्या उपायालाही एक कठीण बाजू आहे. ज्ञानकोशाचा प्रश्न चार जणांनी वाचला तर बिघडत नाही. परंतु त्याच खिडकीत कोणी एखाद्या दुखण्याविषयी विचारते, कोणी घटस्फोटाच्या कायद्याविषयी. मेजाशी हलक्या आवाजात विचारलेला प्रश्न ऐकणाऱ्या एकट्याजवळच राहत असे. येथे तो जसाच्या तसा साठतो आणि पुढच्या पाळीतील, कदाचित वाचकाच्या ओळखीतील, माणसापुढे उघडा होतो. सेवा अखंड राहावी म्हणून जे जपायचे, तेच वाचकाच्या विश्वासासाठी पुसायचे, असा हा पेच आहे. काम पुरे होईपर्यंत टिपण ठेवावे, त्यात प्रश्नाचा विषय असावा पण विचारणाऱ्याची ओळख नसावी, आणि वाचकाला ‘हे पुढच्या पाळीला सांगू का?’ असे आधी विचारावे, इतके तरी करता येण्यासारखे आहे. या शेवटच्या प्रश्नात ‘मी’ अध्याहृत आहे, आणि ‘सांगू’ला लिंग नाही.