ना. सी. फडके यांची प्रणयकादंबरी : रंजन आणि विचार यांचे नाते

प्रस्तावना :
मराठी वाङ्मयेतिहासाच्या अध्यापनात ‘कलावादी फडके आणि जीवनवादी खांडेकर’ ही जोडी वर्षानुवर्षे उत्तरपत्रिकांतून वावरत आली आहे. या विभागणीमुळे फडके यांची कादंबरी म्हणजे जीवनाशी संबंध नसलेले रंजन, असा ग्रह दृढ झाला. हा ग्रह कितपत टिकतो, हे तपासण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जीवन व लेखन :
नारायण सीताराम फडके (१८९४–१९७८) यांचा जन्म अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ तत्त्वज्ञानाचे अध्यापन केले. ‘अल्ला हो अकबर’ (१९१७) ही त्यांची पहिली कादंबरी मेरी कॉरेली या लोकप्रिय इंग्रजी लेखिकेच्या कादंबरीवर आधारलेली होती. पुढे ‘कुलाब्याची दांडी’ (१९२५), ‘जादूगार’ (१९२८), ‘दौलत’ (१९२९) आणि ‘अटकेपार’ (१९३१) या कादंबऱ्यांनी त्यांना अफाट वाचकवर्ग मिळवून दिला. ‘प्रतिभासाधन’ (१९३१) या ग्रंथात त्यांनी कथा-कादंबरीच्या तंत्राची मांडणी केली. १९४० साली ते रत्नागिरी येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तर १९६२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

तंत्र आणि वाचक :
आकर्षक प्रारंभ, योगायोग, उत्कंठा आणि सुखद शेवट ही या कादंबरीची परिचित वैशिष्ट्ये होत. भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) अशा तीन प्रवृत्ती सांगितल्या. त्यांपैकी ‘मुक्तामाला’च्या रंजनपर परंपरेशी फडके यांचे नाते सहज जुळते. मात्र एक भेद महत्त्वाचा आहे. ‘मुक्तामाले’तील अद्भुताची जागा येथे महाविद्यालय, बंगला आणि मोटार असलेल्या नागर जगाने घेतली. नव्याने शिकलेल्या तरुण-तरुणींना स्वतःच्या निवडीने जोडीदार मिळू शकतो, हेच या कादंबरीतील नवे अद्भुत होय. परंपरेने ठरविलेल्या विवाहांच्या समाजात हे स्वप्न दाखविणे ही केवळ करमणूक नव्हती.

दुर्लक्षित दुवा :
याच काळात, १९२७ साली, फडके यांचा ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना होती. संततिनियमन आणि सुप्रजननशास्त्र, म्हणजे निवडक जोडप्यांद्वारे ‘उत्तम’ संतती घडविण्याचा विचार, यांचा त्यात पुरस्कार होता. विवाह हा सामाजिक प्रश्न मानणारा हा लेखक कादंबरीत मात्र निखळ प्रणय रंगवितो, हे वरवर विसंगत वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते येथे विसंगतीपेक्षा सातत्य अधिक आहे. फडके यांचे नायक-नायिका प्रायः देखणे, निरोगी, सुशिक्षित आणि सुस्थित असतात. प्रेमाची निवड मुक्त दिसते. पण ती ज्यांतून करावयाची ते वर्तुळ आधीच आखलेले असते. ग्रंथातील ‘योग्य’ जोडपे आणि कादंबरीतील मोहक जोडपे एकमेकांना अपरिचित नाहीत. दारिद्र्य, जात आणि श्रम या वर्तुळाबाहेर राहतात, ते केवळ तंत्राच्या सोयीसाठी नव्हे.

अर्थात, कादंबरी म्हणजे ग्रंथातील विचारांचा उतारा नव्हे. वाचकांनी, विशेषतः स्त्री-वाचकांनी, त्यातून स्वतःच्या इच्छेचा उच्चारही शोधला असेल. ही शक्यता नाकारल्यास लोकप्रियतेचा अर्थच लागत नाही.

समारोप :
‘कलेसाठी कला’ या घोषणेमुळे फडके यांच्या कादंबरीतील सामाजिक भूमिका झाकली गेली, आणि टीकाकारांनीही ती घोषणा शब्दशः खरी मानली. ज्या कादंबरीला आपण विचारशून्य म्हणून बाजूला सारतो, तिचा विचार तपासावयाचा राहून जातो. म्हणून पदव्युत्तर वर्गात ‘प्रतिभासाधन’बरोबर १९२७ चा ग्रंथ आणि ‘जादूगार’ किंवा ‘दौलत’ यांपैकी एक कादंबरी एकत्र वाचली जावी. त्यामुळे फडके थोर ठरतील असे नाही. परंतु आपल्या मध्यमवर्गाने प्रेमाचे स्वप्न कोणत्या अटींवर पाहिले, हे विद्यार्थ्यांना निश्चित उमगेल.