स्टेंधालचे घट्ट बूट आणि आपला सिनॉप्सिस

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं: बोहाड्यात प्रेक्षकांना येणारा अनुभव हा 'स्टेंधाल सिंड्रोम'चा प्रकार मानता येईल. घोटीच्या आसपासच्या पाड्यांवर बोहाडा बघत मोठा झालोय, आणि शब्द भारदस्त वाटला म्हणून ठोकून दिला. मार्गदर्शकांनी त्याखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "मूळ वाचलंय का?" वाचलं नव्हतं. नंतर वाचून काय हाती लागलं, ते सांगतो. संशोधनाला बसणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधीतरी येणारच आहे.

आधी नावाचं बघू. स्टेंधाल हे टोपणनाव. खरं नाव मारी-आंरी बेल (१७८३-१८४२). हा फ्रेंच लेखक, आणि त्याने शंभराहून जास्त टोपणनावं वापरली. आपल्या शिरवाडकरांनी बहिणीच्या नावावरून 'कुसुमाग्रज' घेतलं. याने जर्मनीतल्या श्टेंडाल गावाचं नाव उचललं आणि त्यात एक 'एच' घातला. कलेचा इतिहासकार विंकेलमान त्या गावचा. हे नाव पहिल्यांदा छापलं गेलं १८१७ च्या 'रोम, नेपल्स आणि फ्लॉरेन्स' या प्रवासवर्णनावर.

सिंड्रोमचा उगम म्हणून दाखवतात तो प्रसंग याच पुस्तकाच्या १८२६ च्या वाढवलेल्या आवृत्तीत आहे. फ्लॉरेन्सचं सांता क्रोचे चर्च. मायकेलअँजेलो, मॅकियाव्हेली, गॅलिलिओ यांच्या समाध्या तिथे आहेत. व्होल्तेरानोची चित्रं बघून लेखक बाहेर पडतो. छाती धडधडते, चालताना पडू की काय असं वाटतं. मग तो काय करतो? बाकावर बसतो आणि फोस्कोलोची कविता वाचतो. दवाखान्यात जात नाही.

आता दुसरा कागद. हा माणूस १८११ मध्येही त्या चर्चमध्ये गेला होता. तेव्हाच्या रोजनिशीत तो दमलेला आहे, नव्या बुटांनी पाय सुजलेत, आणि एका चित्रापुढे ते दुखणं विसरल्याचं तो लिहितो. पुस्तकात बूट नाहीत, धडधड आहे. म्हणजे ज्याला आपण 'पहिली केस' म्हणतो, तो पंधरा वर्षांनी घासूनपुसून छापलेला साहित्याचा मजकूर आहे. खोटा आहे असं मी म्हणत नाही. पण साहित्याचा मजकूर आणि रुग्णाची नोंद या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

सिंड्रोम आला दीडशे वर्षांनी. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नुओव्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञ ग्रात्सिएला मागेरिनी यांनी १९७७ ते १९८६ मधल्या १०६ रुग्णांचा अभ्यास केला आणि १९८९ मध्ये पुस्तक काढलं. रुग्ण म्हणजे पर्यटक. घबराटीपासून भ्रमापर्यंत सगळं होतं, आणि अनेकांना मानसिक आजार आधीपासून होता. काम मोलाचं आहे. पण आकडा कुठून आला ते बघा: दवाखान्यात पोचलेल्यांतून. तीच चित्रं बघून जेवायला गेलेले लाखो लोक हिशोबात नाहीत. प्रवासाचा शीण, झोप, परका मुलूख हे कलेपासून वेगळं कसं काढणार? 'डीएसएम'मध्ये या नावाचा स्वतंत्र आजार नाही, हेही लक्षात ठेवा.

माझी खरी तक्रार मात्र वेगळी आहे. या अनुभवासाठी आपल्याकडे जुने आणि जास्त नेमके शब्द होते, आणि मी ते उघडलेच नव्हते. अभिनवगुप्ताने रसास्वादाची सात विघ्नं सांगितली. त्यातलं एक म्हणजे स्वतःच्याच सुखदुःखात अडकून पडणं. या मापाने घट्ट बूट हे विघ्न आहेच, पण 'मी अखेर फ्लॉरेन्सला पोचलो' हा आनंदसुद्धा विघ्नच. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून 'सविकल्प समाधी' मांडली: वाचक दुसऱ्याच्या अनुभवात शिरतो, पण स्वतःचं भान पुरतं सोडत नाही. मागेरिनींचे रुग्ण भान सुटल्यावर मोजले गेले. केळकरांचा रसिक भान शाबूत आहे म्हणून रसिक ठरतो. दोन्हींना एकच नाव दिलं की फरकच पुसला जातो, आणि अभ्यास तर त्या फरकाचाच करायचा असतो.

आणि बोहाडा? सोंग नाचताना कुणाच्या अंगात आलं तर पाड्यावर कुणी त्याला आजारी म्हणत नाही. 'वारं आलं' म्हणतात. त्यात देव आहे, वाद्य आहे, गावाची संमती आहे. त्यावर सिंड्रोम चिकटवून मी माझ्याच माणसांना रुग्ण करून टाकलं होतं, तेही त्यांना एक शब्द न विचारता. याची लाज वाटली.

ते वाक्य मी काढलं. त्या जागी आता प्रश्न आहे: 'वारं आलं' हे लोक नेमकं कशाला म्हणतात, आणि कशाला म्हणत नाहीत? पुढचं फील्डवर्क त्यावरच.

तुम्हीही करून बघा. तुमच्या सिनॉप्सिसमधला सगळ्यात आवडता पारिभाषिक शब्द घ्या. तो कुणी, कुठल्या माणसांवरून, कशासाठी घडवला, हे चार ओळींत लिहा. लिहिता आलं तर ठेवा. नाही आलं, तर आधी मूळ वाचा.