पट्टे, इच्छा आणि माशीचे पंख

स्नायूंचा धडा आला, की फळ्यावर तीन रकाने आखले जातात: पट्टकी म्हणजे ऐच्छिक, अपट्टकी म्हणजे अनैच्छिक आणि तिसरा हृदयाचा. परीक्षेला हा तक्ता सोयीचा आहे. आमचा आक्षेप आहे तो त्याच्या मथळ्याला. ‘प्राण्यांचे स्नायू’ या नावाखाली जे शिकवले जाते, ते खरे तर पृष्ठवंशीयांचे स्नायू असतात. पुढे झुरळाची पचनसंस्था शिकवताना कोणी सांगत नाही, की झुरळाच्या आतड्याचे स्नायूही पट्टकी असतात. हृदयाचेही तसेच. मग झुरळ आपले अन्न इच्छेने पुढे ढकलते, असे म्हणायचे काय?

पट्ट्यांचा इच्छेशी संबंध नाही. मायोसिनचे जाड आणि अ‍ॅक्टिनचे पातळ तंतू ओळीने रचले गेले, की पट्टे दिसतात, एवढेच. (आपल्या हृदयाचा स्नायूही पट्टकीच आहे, तक्त्यातली ही विसंगती आपण ‘अपवाद’ म्हणून सोडून देतो.) रचनेवरून कार्य ओळखायचे असेल, तर स्नायुपेशीतली जागा कशाकशाने व्यापली आहे ते पाहावे. त्यासाठी कीटकांसारखे उदाहरण नाही.

टोळाच्या पंखांच्या प्रत्येक ठोक्यामागे चेतातंतूचा आवेग असतो. माशीचे तसे नाही. 1949 साली प्रिंगल यांनी दाखवून दिले, की माशीचे पंख सेकंदाला शंभराहून अधिक वेळा हलत असताना स्नायूंकडे येणारे आवेग मात्र मोजकेच असतात. ते आवेग स्नायूला फक्त ‘तयार’ ठेवतात. ठोका पडतो तो ताणामुळे. छातीत स्नायूंचे दोन संच एकमेकांविरुद्ध बसवलेले असतात. एक आखडला, की छातीचे कवच किंचित वाकते, दुसरा ताणला जातो आणि ताणला गेला म्हणूनच तो आखडतो. हे आखडणे लांबीच्या अवघे 2-3 टक्के असते. म्हणून या स्नायूतले जाड व पातळ तंतू आधीच जवळजवळ पूर्ण एकमेकांत शिरलेले असतात आणि फिकट पट्टा अगदी अरुंद दिसतो.

आता जागेचा हिशेब पाहा. स्नायू आखडण्यासाठी कॅल्शियम सोडावे लागते व सैल होण्यासाठी परत ओढून घ्यावे लागते. हे काम आंतर्द्रव्यजालिकेचे. अमेरिकेतल्या ओकॅनगॅना वंशातील एका सिकाडाचा ध्वनिस्नायू सेकंदाला सुमारे 550 वेळा आखडतो, तोही दर वेळी आवेग घेऊन. त्यासाठी त्याच्या पेशीची जवळपास एक तृतीयांश जागा जालिकेनेच अडवलेली असते. बळ देणाऱ्या तंतूंना तितकी जागा कमी! माशीला दर ठोक्याला कॅल्शियमची ने-आण करावी लागत नाही. तिची जालिका विरळ असते आणि वाचलेली जागा तंतुकांना व तंतुकणिकांना मिळते.

आतड्याचा स्नायू याच्या दुसऱ्या टोकाला. त्याला घाई नाही, पण लांबवर आखडायचे असते. त्याच्या प्रत्येक जाड तंतूभोवती 12 पर्यंत पातळ तंतू असतात. माशीच्या उड्डाणस्नायूत ते 6 असतात.

यातले सगळे शाळेत दाखवता येणार नाही; जालिकेसाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच हवा. पण मेलेल्या झुरळाच्या आतड्याचा तुकडा मिठाच्या सौम्य पाण्यात सुयांनी विंचरून 400 पट मोठा करून पाहावा. प्रकाश थोडा कमी केला, की पट्टे दिसतात. शेजारी घरमाशीच्या छातीतला स्नायू ठेवावा. त्याचे तंतुक सुतासारखे सुटे होतात. दोन्ही पाहिल्यावर मुलांना तक्ता पुन्हा भरायला सांगावा.