‘ती घरात कोण?’ : यंत्रमानवाच्या मालिका आणि ठाणे–डोंबिवलीकडील प्रेक्षकचर्चा

१

हुबेहूब माणसासारखे दिसणारे, बोलणारे आणि वागणारे यंत्र ज्यांच्या कथानकाच्या केंद्रस्थानी असते, अशा दूरचित्रवाणी मालिकांविषयी जे गंभीर लेखन होते, त्यात बहुधा एकाच प्रश्नाचा ऊहापोह आढळतो. असे यंत्र माणूस ठरते काय, हा तो प्रश्न होय. त्याच्या अनुषंगाने जाणीव, स्मृती, इच्छास्वातंत्र्य ह्या संकल्पनांची चर्चा ओघानेच येते. परंतु ज्या सामान्य प्रेक्षकासाठी ह्या मालिका निर्माण होतात, तो आपापसांत त्यांविषयी बोलू लागला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप पालटते. ‘ती माणूस आहे काय?’ ह्याऐवजी ‘ती त्या घरात कोण?’ असे तो विचारतो. अभ्यासकाला हा दुसरा प्रश्न भाबडा वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः तो भाबडा नाही. किंबहुना, ह्या कथाप्रकाराच्या मूळ आशयाशी त्याचेच नाते अधिक निकटचे आहे. मात्र तो प्रश्न प्रेक्षक शेवटपर्यंत नेत नाही, आणि तो जेथे थांबतो ते स्थळही तितकेच विचारार्ह आहे.

ह्या चर्चेचा विचार ठाणे, कल्याण आणि डोंबिवली ह्या परिसराच्या संदर्भात करण्यास कारण आहे. १८५३ साली भारतातील पहिली प्रवासी आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत धावली, आणि पुढल्याच वर्षी ती वाट कल्याणपर्यंत पोहोचली. तेव्हापासून ह्या परिसराचा दिवस यंत्राच्या वेळापत्रकाने बांधला गेला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाणे महापालिका क्षेत्रात अठरा लाखांहून अधिक, तर कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांहून अधिक लोकवस्ती होती. ह्या वस्तीतील नोकरदार वर्गाचे मोठे प्रमाण रोज मुंबईकडे जाते आणि रात्री परतते. दुसरीकडे, ह्याच परिसराला वाचनाची आणि वादाची जुनी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मधील, तर ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधील. पाहिलेल्या व वाचलेल्या गोष्टीवर मत दिल्यावाचून येथला रसिक राहत नाही, आणि त्या मतप्रदर्शनाला गाडीचा डबा हे हक्काचे व्यासपीठ मिळालेले आहे. ज्या डब्यात मालिकेतील न थकणाऱ्या सुनेविषयी बोलणे चालते, त्याच डब्यात संध्याकाळच्या भाजीच्या शेंगा मोडल्या जातात. हा योगायोग समीक्षेने क्षुल्लक मानू नये.

२

प्रथम शब्दाचा विचार करणे इष्ट ठरेल. ‘रोबो’ अथवा ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक ह्या चेक नाटककाराच्या ‘आर. यू. आर.’ ह्या १९२० साली लिहिलेल्या नाटकातून जगभर गेला. तो सुचविला त्याचा बंधू योसेफ ह्याने. त्याचे मूळ ज्या चेक शब्दात आहे, त्याचा अर्थ धन्यासाठी सक्तीने करावयाचे काम असा होतो. त्यास मराठीत नेमका प्रतिशब्द आहे, तो ‘वेठ’. म्हणजे शब्दार्थाने पाहता रोबो हा माणसासारखा दिसणारा कोणी नव्हे, तर वेठबिगार होय. चापेकच्या नाटकातील रोबो धातूचे नसून कृत्रिम मांसाचे आहेत, आणि त्यांचे बंड हे यंत्राचे बंड असण्यापेक्षा राबणाऱ्यांचे बंड आहे.

मराठीने ह्या शब्दासाठी ‘यंत्रमानव’ असा प्रतिशब्द रूढ केला. तो सुबोध आहे, समर्पकही आहे. परंतु त्याने वेठीचा अर्थ गाळला आणि सादृश्याचा तेवढा ठेवला. ‘यंत्र’ आणि ‘मानव’ ही दोन पदे शेजारी आली की त्यांतील सीमारेषा कोठे, हाच प्रश्न प्रथम मनात उभा राहतो. मराठी विज्ञानकथेतील एक महत्त्वाचे उदाहरण घ्यावयाचे तर जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ (१९८६) ह्या कादंबरीचे घेता येईल. तीतील यंत्रमानव बुद्धिमान आहे आणि आपल्यासारखा दुसरा घडविण्याची आकांक्षा बाळगतो; त्यातून मानवजातीपुढे संकट उभे राहते. हे संकट मोठ्या ताकदीने उभे केले आहे. पण ते शास्त्रज्ञांच्या कार्यक्षेत्रातील आहे. यंत्र स्वयंपाकघरात आले तर काय होईल, हा त्या कादंबरीचा विषय नाही, आणि असावा अशी अपेक्षाही गैर ठरेल.

तथापि, भारतीय परंपरेत घरातले यंत्र अपरिचित नाही. ‘कथासरित्सागरा’त राज्यधर नामक सुताराने लाकडी माणसांनी गजबजलेले एक नगर उभारल्याची कथा आहे. ती माणसे त्याच्या एकाकीपणाची सोबत आहेत, तसाच त्याचा परिवारही. अगदी अलीकडे, १९७६ साली, सत्यजित राय ह्यांनी ‘अनुकूल’ ही बंगाली कथा लिहिली. तीत घरकामासाठी आणलेल्या यंत्रमानवाबरोबर एक अट येते : त्याला हलक्या एकेरीने हाक मारावयाची नाही. ही अट सूचक आहे. त्या यंत्राला जाणीव आहे की नाही, ह्याची चर्चा राय करीत नाहीत. त्याला संबोधावे कसे, एवढेच ते विचारतात. आणि तेवढ्याने धनी व चाकर ह्यांच्यातील सारा संबंध उघडा पडतो. ‘ती घरात कोण?’ हा प्रेक्षकाचा प्रश्न ह्याच जातीचा आहे.

३

हिंदी-मराठी घरांत हा प्रश्न ज्या मालिकांनी रुजविला, त्यांचा क्रम लक्षणीय आहे. ‘स्मॉल वंडर’ (१९८५–१९८९) ही अमेरिकन मालिका १९९० नंतरच्या दशकात हिंदी रूपात येथे आली. एक अभियंता दहा वर्षांच्या मुलीच्या रूपातले यंत्र घरी आणतो आणि कुटुंब तिला आपली मुलगी म्हणून वावरू देते, हे तिचे सूत्र. तिचाच अवतार ‘करिश्मा का करिश्मा’ ह्या नावाने २००३ साली हिंदीत आला. त्यानंतर २०१६ साली ‘बहू हमारी रजनीकांत’ ही मालिका सुरू झाली. तीत शास्त्रज्ञाने घडविलेली यंत्रस्त्री सून म्हणून घरात येते. मालिकेचे नाव ज्या नटाच्या नावावर श्लेष करते, त्या रजनीकांतने २०१० मधील ‘एंधिरन’ ह्या तमिळ चित्रपटात यंत्रमानवाची भूमिका केली होती. आणि शिवाजीराव गायकवाड हे मूळ नाव असलेला तो नट मराठी कुटुंबातला, हा तपशील मराठी प्रेक्षकाच्या कौतुकात भर घालतो. २०२४ मधील ‘तेरी बातों में ऐसा उलझा जिया’ ह्या हिंदी चित्रपटातही यंत्रस्त्री वधू म्हणूनच कुटुंबात पाऊल टाकते.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्याकडील कथेत मानवसदृश यंत्र घरात येते ते नाते धारण करून. आधी लेक, मग सून. नात्यावाचून त्याला उंबरठा ओलांडता येत नाही. लेक होऊन आलेल्या यंत्राचे वास्तव प्रेक्षकाला फारसे टोचत नाही, कारण लेकीकडून त्या घराची अपेक्षा थोडी असते. तरीही ‘स्मॉल वंडर’मधील ती मुलगी रात्री कपाटात उभी राहते, हा तपशील पाहिलेल्यांच्या स्मरणात अद्याप टिकून आहे. मुलगी म्हणावे आणि कपाटात ठेवावे, ह्यातील विसंगती बालप्रेक्षकालाही जाणवली होती असे म्हणावयास हरकत नाही.

सून होऊन आलेल्या यंत्राची गोष्ट निराळी. ‘बहू हमारी रजनीकांत’ ह्या मालिकेची मूळ कल्पना उपहासाची आहे, आणि ती समर्थ आहे. सुनेने थकू नये, उलट उत्तर देऊ नये, सांगितलेले विसरू नये, एका वेळी दहा कामे करावीत, ह्या अपेक्षा यंत्राच्या गुणपत्रिकेशी शब्दशः जुळतात. यंत्र आदर्श सून ठरते, ह्याचा अर्थ आदर्श सुनेची कल्पनाच यांत्रिक होती असा होतो. प्रेक्षकचर्चेतील मर्मभेद येथे दिसतो. पहाटेचा डबा भरून, धावत गाडी गाठून, रात्री पुन्हा ओट्याशी उभी राहणारी स्त्री जेव्हा त्या यंत्रस्त्रीकडे पाहून ‘अशीच हवी असते सर्वांना’ असे उद्गारते, तेव्हा ती मालिकेची समीक्षाच करीत असते, आणि ती समीक्षा मालिकेहून धीट असते. कारण मालिका आपल्याच उपहासाला भिते. विनोदाच्या गडबडीत आणि प्रेमकथेच्या ओढीत तिने मूळ प्रश्न विरघळू दिला आहे. यंत्राला हृदय फुटते काय, ह्याकडे तिने लक्ष वळविले. माणसाकडून यंत्राचे काम का अपेक्षिले जाते, हा प्रश्न मागे पडला.

४

ह्या पार्श्वभूमीवर ‘ह्यूमन्स’ ही ब्रिटिश मालिका (२०१५–२०१८) पाहणे उद्बोधक ठरेल. ती ‘खरी माणसे’ अशा अर्थाचे नाव असलेल्या एका स्वीडिश मालिकेवरून (२०१२–२०१४) बेतलेली आहे. येथे यंत्र नाते घेऊन येत नाही. ते दुकानातून विकत आणले जाते. हॉकिन्स कुटुंबातील पिता घरकामासाठी अनिता नावाची यंत्रस्त्री आणतो. ती मुळात जाणीव असलेली, पळवून नेलेली, पूर्वस्मृती दडपून पुन्हा विकली गेलेली अशी आहे. वेठीचा अर्थ येथे पुन्हा पूर्णपणे प्रकट होतो.

परंतु आपल्याकडील प्रेक्षकाला ह्या मालिकेत जे स्थळ सर्वांत जवळचे वाटावे, ते ह्या गूढाचे नाही. धाकटी मुलगी सोफी हिला झोपताना गोष्ट वाचून हवी असते, आणि आईपेक्षा अनिता बरी वाटते. कारण आई घाई करते, अनिता घाई करीत नाही. नोकरी करणाऱ्या आईच्या काळजाला इतक्या साध्या वाक्याने घरे पाडणारा प्रसंग दूरचित्रवाणीवर क्वचितच आढळेल. अनिताला जाणीव आहे की नाही, हा प्रश्न त्या क्षणी गौण ठरतो. तिच्यापाशी वेळ आहे आणि आईपाशी नाही, एवढेच महत्त्वाचे असते. जिच्या दिवसातील तीन-चार तास रोज प्रवासात जातात, त्या स्त्रीला ह्या प्रसंगाचे भाष्य करून सांगावे लागत नाही. हीच गोष्ट वृद्ध जॉर्ज मिलिकन आणि त्याचा जुना, नादुरुस्त यंत्रमानव ओडी ह्यांची. पत्नीच्या आठवणी ओडीच्या स्मृतीत साठलेल्या असल्यामुळे त्याला मोडीत काढावयास जॉर्ज तयार होत नाही. ज्या घरांतील मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, तेथे हे कथानक विज्ञानकथा म्हणून पाहिले जाईल असे वाटत नाही.

येथपर्यंत प्रेक्षकाचा प्रश्न त्याला उत्तम वाट दाखवितो. पुढे मात्र तो अडतो. ‘बहू हमारी रजनीकांत’ पाहताना प्रेक्षक स्त्री स्वतःला त्या यंत्रस्त्रीच्या जागी ठेवू शकते. ‘ह्यूमन्स’ पाहताना ती आईच्या, म्हणजे धनिणीच्या, जागी असते. अनिताच्या जागी कोण, हे चर्चेत सहसा येत नाही. वास्तविक त्याचे उत्तर दाराशीच असते. ह्या परिसरातील घर आपले काम केव्हाच इतरांच्या हाती सोपवून बसले आहे. स्थानकाबाहेर निवडलेली, चिरलेली भाजी मिळते; पोळी-भाजी केंद्र आहे; पाळणाघर आहे; आणि धुणीभांडी, केरवारा, वृद्धांची शुश्रूषा करावयास येणारी बाई आहे. तिला घरात हाक मारली जाते ती ‘मावशी’ अशी.

ह्या संबोधनात माया नसते असे नाही. परंतु त्याने एक गोष्ट झाकली जाते. मालिकेतील यंत्र ज्याप्रमाणे लेक किंवा सून हे नाव घेऊन आत येते, त्याप्रमाणेच श्रम येथे नात्याचे नाव घेऊन आत येतात. नाते म्हटले की मोबदल्याची, सुटीची, आजारपणाची भाषा बोलणे संकोचाचे होते. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी अधिनियम झाला. कायद्याने तिला ‘कामगार’ म्हटले. घराने मात्र आपला शब्द बदलला नाही. कायदा आणि जिव्हाळा ह्यांच्या शब्दांतील हे अंतर म्हणजेच ‘ती घरात कोण?’ ह्या प्रश्नाचे न दिलेले उत्तर होय.

५

एक आक्षेप संभवतो. मानवसदृश यंत्राच्या कथेचा असा अर्थ लावणे म्हणजे विज्ञानकथेतील विज्ञान काढून घेऊन तिला कौटुंबिक कथेच्या पातळीवर आणणे नव्हे काय? जाणिवेचा प्रश्न खरा आहे, आणि संवाद साधणारी यंत्रे प्रत्यक्ष हाती आलेल्या आजच्या काळात त्याची निकड वाढलीही आहे. त्याचे महत्त्व येथे नाकारावयाचे नाही. तथापि, विज्ञानकथेतील कल्पित वस्तू आपल्याला परिचित जगाकडे परक्याच्या दृष्टीने पाहावयास लावते, ही तिची खरी शक्ती होय. यंत्रमानवाला माणूस म्हणावे काय, हा वाद घालीत असताना ज्याला माणूस म्हणण्याविषयी वाद नाही त्याच्याशी यंत्रासारखे वागले जाते, हे ज्या कलाकृतीत अगर ज्या चर्चेत उजेडात येते, तिने आपले काम केले असे म्हटले पाहिजे.

ह्या दृष्टीने गाडीच्या डब्यातील चर्चेला समीक्षेच्या अभ्यासात स्थान मिळणे अगत्याचे आहे. तिच्यात परिभाषा नाही, सातत्य नाही, अनेकदा विषयांतर फार आहे. पण ‘यंत्रमानव’ ह्या प्रतिशब्दाने जो वेठीचा अर्थ गाळला, तो ती नकळत परत आणते. सुनेपर्यंत तो अर्थ येऊन पोहोचला आहे. मावशीपर्यंत तो अजून यावयाचा आहे. आणि तो आणण्याइतकी धीट मालिका मराठीत लिहिली जाईल तेव्हा तिच्यातील यंत्राने घरातल्या माणसांना पहिला प्रश्न आपल्या जाणिवेविषयी न विचारता, आठवड्याची सुटी कोणत्या वारी, असा विचारावा हे अधिक उचित होईल.