पडदा न पडणारे नाटक

रसिकाने नटावर एकतर्फी जीव लावावा, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. बालगंधर्वांचे नेसणे, केशरचना आणि अलंकार पाहून कुलीन घरांतील स्त्रियांनी त्यांचे अनुकरण केले. १२ मार्च १९११ रोजी ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी निवर्तली होती. तरीही भामिनी रंगमंचावर उभी राहिली. प्रेक्षकांचे प्रेम भामिनीवर होते, नारायणराव राजहंसांचे दुःख पडद्यामागे होते. मधला तो पडदा दोघांचेही रक्षण करीत असे.

मोबाईलच्या काचेवर आज जे थेट प्रक्षेपण चालते, त्याचे परीक्षण करू जाता प्रथम हेच जाणवते की, त्याला पडदा नाही. कलाकार स्वतःच्या खोलीत बसून जेवतो, जांभया देतो, प्रेक्षकाला नावाने हाक मारतो. दूरचित्रवाणीच्या निवेदकांची अशी भासमान सलगी हॉर्टन आणि वोल या अमेरिकन अभ्यासकांनी १९५६ सालीच ओळखली होती. मात्र तो निवेदक पडद्यातून उत्तर देऊ शकत नसे. आजचा देतो, आणि त्या उत्तराला दर असतो. यूट्यूबने २०१७ मध्ये ‘सुपर चॅट’ सुरू केले. त्यात पैसे भरले की संदेश रंगीत होऊन झळकतो. रक्कम जितकी मोठी, तितका तो अधिक काळ टिकतो. कुळगीसारख्या अरण्यातील गावातून शहरात शिकायला गेलेला एखादा एकाकी मुलगा आपले नाव ऐकतो आणि विकत घेतलेल्या त्या क्षणाला मैत्री समजतो. पुढे कलाकाराने विवाह केला वा मत बदलले, की त्याला विश्वासघात झाल्यासारखे वाटते. म्हणजे या सलगीचा जाच कलाकारालाही चुकत नाही.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. १८७२ च्या करार अधिनियमाचे सोळावे कलम अनुचित प्रभावाचा विचार करते खरे. परंतु त्यासाठी दोन पक्षांत काही संबंध असावा लागतो. येथे संबंध नाही, संबंधाचा भास तेवढा आहे. सज्ञान माणसाने राजीखुशीने दिलेले पैसे परत मागणे कठीणच.

कोणी म्हणेल, देवापुढेही आपण एकतर्फीच ठेवतो. खरे आहे, परंतु देवळातला प्रसाद पंक्तीत वाटला जातो, पालखीला शेजाऱ्याचा खांदा लागतो. तेथील भक्ती माणसाला माणसांत आणून सोडते. ही सलगी त्याला बंद खोलीत ठेवते. म्हणून मुलाच्या हातातले यंत्र हिसकावून घेण्यापेक्षा, येत्या उत्सवात त्याच्याकडे एखादे काम सोपवावे. तो एखादे दिवशी आला नाही, तर त्याची चौकशी करायला घरी कोणीतरी जाईल.