‘उपकरण व्यग्र आहे’ : एका नकारवाक्याची चिकित्सा

एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक चालविता येतात, आणि त्यांपैकी एखाद्यास ग्राफिक्स कार्ड किंवा नेटवर्क कार्ड ह्यांसारखे खरेखुरे उपकरण संपूर्णपणे नेमूनही देता येते. लिनक्समध्ये हे कार्य व्हीएफआयओ ही यंत्रणा करते. २०१२ साली ३.६ ह्या आवृत्तीत ती समाविष्ट झाली. मागितलेले उपकरण आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असल्यास नकार मिळतो. त्या नकाराचे वाक्य कसे असावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. तो क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु बंद पडलेली सेवा सुरू करू पाहणाऱ्या माणसापुढे त्या वेळी ते एकच वाक्य असते, आणि पुढचे पाऊल तो त्यावरूनच टाकतो.

ह्या वाक्यांतील सर्वांत परिचित म्हणजे ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’. त्याच्या मागे १६ हा त्रुटिक्रमांक आहे. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ह्याच क्रमांकाचे वाक्य ‘माउंट डिव्हाइस बिझी’ असे होते. ते संकुचित होते खरे, पण तबकडी जोडण्याच्या व सोडविण्याच्या एका विशिष्ट क्रियेविषयी ते बोलत असल्यामुळे सार्थ होते. पुढे हाच क्रमांक नाना प्रसंगी वापरला जाऊ लागला, तसे वाक्य सैल करावे लागले. ‘उपकरण अथवा साधन’ ह्यांतील ‘अथवा’मध्येच त्याची दुर्बलता उघड होते. शिवाय त्यात कर्ता नाही. उपकरण व्यग्र आहे, पण कोणाच्या कामात? मात्र सगळा दोष वाक्य लिहिणाऱ्यावर टाकणे न्याय्य होणार नाही. कर्नलकडून त्याच्या हाती केवळ एक आकडा येतो, आणि आकड्यातून नाव निघत नाही.

लिबव्हर्ट ह्या व्यवस्थापक प्रणालीची गोष्ट निराळी आहे. कोणते उपकरण कोणत्या आभासी संगणकास दिले, ह्याची नोंद ती स्वतः ठेवते. म्हणून तिचा नकार उपकरणाचा पीसीआय पत्ता सांगतो आणि ते कोणत्या ड्रायव्हरच्या कोणत्या आभासी संगणकाकडे आहे, हेही नावानिशी सांगतो. तिच्या आज्ञावलीत ह्या वाक्याशेजारीच दुसरे वाक्य आहे : नाव ठाऊक नसेल तर ‘उपकरण आधीच वापरात आहे’ एवढेच म्हणावयाचे. ही जोडी मला फार उद्बोधक वाटते. जे ठाऊक आहे ते पूर्ण सांगितले आहे, आणि जे ठाऊक नाही त्याविषयी तर्क लढविलेला नाही. अर्थात ही नोंद लिबव्हर्टने स्वतः चालविलेल्या संगणकांपुरतीच असते. कोणी क्यूएमू परस्पर चालविला असेल, तर पुन्हा तो मुका आकडाच हाती येतो.

क्यूएमूचे ‘गट व्हायेबल नाही’ हे वाक्य मधल्या प्रतीचे म्हणावे लागेल. आयओएमएमयूच्या एका गटातील उपकरणे परस्परांपासून सुरक्षितपणे अलग करता येत नाहीत, म्हणून तो सबंध गट यजमान संगणकाच्या नेहमीच्या ड्रायव्हरांकडून सोडवून घ्यावा लागतो. ग्राफिक्स कार्डाबरोबर त्याचा ध्वनिभाग बहुधा त्याच गटात असतो, आणि तो मागे राहून जातो. वाक्य उपाय सांगते : गटातील सर्व उपकरणे व्हीएफआयओच्या ड्रायव्हरास जोडा. परंतु अडले कोणते, हे सांगत नाही. गटाचा क्रमांक कळल्यावर त्यातील उपकरणे व त्यांचे ड्रायव्हर कर्नलच्याच नोंदींतून वाचता येतात. ते काम वाचकावर का सोडावे, हे समजत नाही.

नाव सांगण्यास एक आक्षेप संभवतो. एकाच यंत्रावर अनेक ग्राहक असल्यास एकाच्या आभासी संगणकाचे नाव दुसऱ्यास कळणे इष्ट नव्हे. आक्षेप रास्त आहे; परंतु उपकरणे नेमून देण्याचा अधिकार बहुधा यंत्राच्या व्यवस्थापकाकडेच असतो, आणि त्याच्यापासून नाव लपविण्यात काही लाभ नाही.

खरी उणीव जेथे वाक्यच नाही तेथे आहे. लिबव्हर्टमध्ये उपकरणास ‘मॅनेज्ड’ ठरविले की आभासी संगणक सुरू होताना ते यजमानाच्या ड्रायव्हरकडून आपोआप काढून घेतले जाते. ते यजमानाचे एकमेव नेटवर्क कार्ड असेल, तर दुरून काम करणाऱ्याचा संबंध त्याच क्षणी तुटतो. दुसऱ्या आभासी संगणकाची मालकी नावानिशी मान्य करणारी ही प्रणाली यजमानाचा चालू वापर मात्र जमेस धरीत नाही. त्या कार्डावर पत्ता चालू आहे की नाही, हे कर्नलला विचारून आधी कळू शकते, आणि निदान तेवढ्या प्रसंगी नकार देणे अशक्य नाही.